चार बोटे अंतर

सभा सहाला असते, वक्ते सव्वासहाला येतात, अध्यक्ष साडेसहाला येतात, आणि तरीही सातपर्यंत ती सुरू होत नाही. कारण व्यासपीठावर एक गृहस्थ श्रोत्यांकडे पाठ करून लोखंडी स्टँडवरच्या एका अवजड, चंदेरी यंत्राशी खलबत करीत उभे असतात, हे ज्याने आपले आयुष्य महाराष्ट्रातील कोणत्याही पेठेत अथवा तालुक्याच्या गावी काढले आहे त्याला मी निराळे सांगावयास नको. आमच्या पेठेत त्यांना बापूसाहेब म्हणतात. मंडपवाल्याने आणलेला काळा, हलका, नवा माईक त्यांनी केव्हाच पदच्युत करून सतरंजीच्या कोपऱ्यात ठेवलेला असतो, आणि त्याच्या जागी मखमली पिशवीतून काढलेल्या आपल्या जुन्या 'शुअर ५५'ची विधिपूर्वक प्रतिष्ठापना चाललेली असते.

हा माईक वाचकांनी पाहिलेला आहे, नाव तेवढे ठाऊक नसेल. एल्विस प्रेस्लीच्या छायाचित्रांत त्याच्या तोंडापुढे उभ्या पट्ट्यांची जाळी असलेले जे गुबगुबीत यंत्र दिसते, ते याच कुळातले. १९३९ साली शिकागोच्या शुअर कंपनीत बेंजामिन बाउर नावाच्या तरुण अभियंत्याने ते सिद्ध केले. तोवर समोरचाच आवाज घेईल असा माईक करावयाचा तर दोन भिन्न जातींचे घटक एकाच पेटीत कोंबावे लागत. बाउरने पडद्याच्या मागील बाजूस पोहोचणाऱ्या ध्वनीला मोजून विलंब घडवून आणला, आणि मागून येणारा गलबला एकाच घटकात परस्पर निकालात काढला. बापूसाहेब हा इतिहास सांगू लागले की श्रोता मागच्या मागे निसटतो, आणि बापूसाहेबांना ते कळत नाही. मागचे ऐकावयाचे नाही, हा गुण त्यांनी माईकपासूनच उचलला असावा.

परंतु या इतिहासाचा उपद्रव सौम्य म्हणावा, असे त्यांचे खरे व्यसन म्हणजे चार बोटे. वक्त्याचे ओठ आणि माईकची जाळी यांमध्ये बरोबर चार बोटांचे अंतर असले पाहिजे, अशी त्यांची सक्त ताकीद असून तिची अंमलबजावणी ते स्वहस्ते, म्हणजे आपली चार बोटे वक्त्याच्या मिशांखाली आडवी धरून, करतात. यामागे शास्त्र नाही असे नाही. अशा एकदिश माईकच्या फार जवळ गेले की खर्ज फुगतो, आणि एखाद्या किरट्या आवाजाच्या कारकुनाचे आभारप्रदर्शनही जाहीरनाम्यासारखे घुमू लागते. दूर गेले तर आवाज वाढवावा लागतो, वाढवला की कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, आणि सभागृहात ती सुप्रसिद्ध कुंईऽऽ उठते. शास्त्र मान्य, पण मंत्रिमहोदय 'बंधू आणि भगिनींनो' म्हणण्यासाठी तोंड उघडतात न उघडतात तोच एक अनोळखी पंजा त्यांच्या हनुवटीकडे झेपावतो, तेव्हा बंदोबस्तावरच्या फौजदाराने शास्त्राचा विचार करावा ही अपेक्षा अवाजवी आहे. त्या दिवशी बापूसाहेबांची सुटका झाली ती मंत्र्यांनीच हसून 'मोजा, मोजा' म्हटले म्हणून.

कीर्तनकारांची गोष्ट याहून करुण. नारदीय कीर्तनकार एके जागी उभा राहत नाही, हे सर्वश्रुत आहे. तो झांज घेऊन पुढे येतो, मागे सरतो, गिरकी घेतो, आणि बापूसाहेब स्टँड उचलून, उकिडव्याने, चार बोटे परजीत त्याच्यामागे व्यासपीठभर फिरतात. आख्यान सीतास्वयंवराचे असले तरी लोक पाहत असतात ते हेच. शोकसभेत त्यांनी दिवंगतांच्या तसबिरीपुढे वाकलेल्या अध्यक्षांचे अंतर मोजल्याचे सांगतात. ते मी स्वतः पाहिलेले नाही, पण अविश्वासही दाखवीत नाही. त्यांच्या सौभाग्यवतींची तक्रार तर याहून जुनी आहे. "अंतरपाटसुद्धा यांनी चार बोटं सोडूनच धरायला लावला होता," असे त्या ऐकवतात, आणि त्यांना तसा अधिकारही आहे. माईकच्या जाळीआडचे मूळ अस्तर झिजून भुगा झाले तेव्हा त्या जागी जे रेशीम गेले, ते त्यांच्याच पोलक्याचे.

बापूसाहेबांचा नग उच्च इंपीडन्सचा. त्याला लांब केबल जोडली की वरचे स्वर गळून जातात आणि दिव्यांची गुणगुण आत येते. म्हणून त्यांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर व्यासपीठावरच, बहुधा अध्यक्षांच्या खुर्चीखाली, विराजमान होतो. व्हॉल्व्ह तापतात. आमच्या पेठेतील अध्यक्षीय समारोप अन्य पेठांच्या मानाने आटोपशीर असतात, त्याचे श्रेय वक्त्यांच्या संयमाला देण्याची प्रथा आहे.

वाद घालण्यात मात्र त्यांच्यासारखा वस्ताद नाही. गांधीजींपुढे अमेरिकन माईक असे, त्यावर 'शिकागो' ही अक्षरे आम्ही डोळ्यांनी वाचली आहेत, असे कोणी म्हणालाच तर बापूसाहेब विजयी मुद्रेने सांगतात की 'शिकागो रेडिओ' ही मोटवानींची, आपल्या इथलीच पेढी. म्हणजे ज्यावर शिकागो लिहिले आहे तो माईक शिकागोचा नव्हे, आणि जो शिकागोचा आहे त्यावर तसे ठळक लिहिलेले नाही. एक वृद्ध नाट्यप्रेमी त्यांना नेहमी डिवचतात, "बालगंधर्वांना कुठं होता हो माईक? शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं." बापूसाहेब क्षणभर गप्प राहून म्हणतात, "जायचं. पण आज तुम्ही मला ते ऐकवा."

हे उत्तर मी पुष्कळ दिवस उद्धटपणा समजत होतो.

कारण सभेत जे बोलले जाते त्याच्याशी या गृहस्थांचा काडीचा संबंध नसतो. लोकशाहीवरील एका प्रदीर्घ व्याख्यानानंतर मी त्यांना अभिप्राय विचारला, ते खिन्नपणे म्हणाले, "'प' फुटत होता." पुढे ध्यानात आले की सभागृहात आम्ही सारे आपली पाळी येण्याची, चहाची अथवा सुटकेची वाट पाहत असतो, आणि दुसऱ्याचा आवाज आरंभापासून अखेरपर्यंत ऐकणारा मनुष्य तेवढा एकच असतो. तो माईक घेऊन ते सभांखेरीज अन्यत्रही जात. वाड्यावाड्यांतील म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या, एका निवृत्त शिक्षकांचे पाठांतर, पेठेतल्या भजनी मंडळाचा गजर, हे सारे त्यांच्या कपाटात फितींवर तारीखवार लावलेले आहे. पडदा, त्याला चिकटलेले बारीक तारेचे वेटोळे आणि एक लोहचुंबक, एवढाच या डायनॅमिक माईकचा संसार. पडदा हलला की वेटोळे हलते आणि त्यात आपोआप वीज उपजते. कंडेन्सर माईकला लागते तशी बाहेरची वीज त्याला लागत नाही, स्वयंपाकघरातल्या वाफेने वा आषाढातल्या ओलीने तो रुसत नाही. म्हणून त्या म्हाताऱ्यांना कोठे नेऊन बसवावे लागले नाही. त्या आपल्या जात्यापाशीच बसल्या.

आता त्यांतल्या पुष्कळ जणी नाहीत. मुले, नातवंडे फितीची नक्कल मागावयास येतात, बापूसाहेब विनामूल्य करून देतात, आणि प्रत्येक फितीवर ओवीच्या आधी तोच खरखरीत आवाज येतो: "हॅलो. वन, टू, थ्री. काकू, जरा मागं सरा. चार बोटं."

एरवी त्यांचा स्वतःचा आवाज कोठेही नोंदलेला नाही. पंचाहत्तरीनिमित्त पेठेने त्यांचा सत्कार केला, सत्काराला उत्तर देण्यास त्यांना उभे केले; त्यांनी आपल्याच ओठांपुढे चार बोटे धरली, "हॅलो" म्हणाले, तो शब्द सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन विरेतो कान देऊन ऐकला, "ठीक आहे" म्हणाले आणि खाली बसले.

ज्या कुटुंबांनी फितींच्या नकला नेल्या आहेत त्यांना एवढीच विनंती, की संगणकावर चढवताना आरंभीचे अर्धे मिनिट निरुपयोगी समजून कापू नये.