तक्रारीची यात्रा

अष्टविनायक यात्रा मोरगावच्या मयूरेश्वरापासून सुरू होते आणि रूढीप्रमाणे मोरगावलाच येऊन संपते. ग्रामपंचायत सदस्याविरुद्धची तक्रार गावातून निघते खरी, पण तिच्या परतीची हमी कुणी देत नाही.

मार्ग कायद्यानेच आखला आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, कलम ३९: गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर. चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, निर्णय विभागीय आयुक्तांकडे, अपील राज्य सरकारकडे. म्हणजे बारामती तालुक्यातल्या मोरगावचा कागद पुणे पाहून मुंबईला जातो. सदस्यसाहेब तोवर गावातच असतात आणि तक्रारदाराला रोज आपुलकीने नमस्कार घालतात.

सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर दार वेगळे: कलम १४ आणि जिल्हाधिकारी. घर मी नाही, वडिलांनी बांधले, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात बुजवली. अतिक्रमणाचा उपभोग घेणाराही अपात्र!

मग काय, काहींना हे हत्यारच सापडले. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावात महिला सरपंच काहींना सोसवेना. तीही अतिक्रमित घरात राहते, अशी तक्रार झाली. अधिकाऱ्यांनी नीट न तपासताच तिला अपात्र ठरवले. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले आणि अधिकाऱ्यांच्या घिसाडघाईवर कडक ताशेरे ओढले.

तेव्हा तक्रार जरूर करा. फक्त आरोपासोबत पुरावा जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.