तेलीबांध्याच्या मॉलसाहेबांस अनावृत पत्र

रा. रा. मॉलसाहेब,
मुक्काम जी. ई. रोड, तेलीबांधा, रायपूर

सा. न. वि. वि.

आपण आमच्या शहरात पायधूळ झाडलीत, त्याबद्दल आम्हा तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी मंडळींकडून आभार मानायचे राहूनच गेले. 2000 साली छत्तीसगड वेगळे झाले, रायपूर राजधानी झाले, आणि राजधानीची शोभा वाढवायला आपले भाऊबंद एकामागून एक आले. सिटी मॉल 36 आला, मॅग्नेटो आला. हे पत्र त्यांतल्या कोणा एकाला नाही. आपल्या अवघ्या कुळाला आहे.

कुळाचा विषय निघालाच आहे, तर मूळपुरुषाला वंदन करतो. व्हिक्टर ग्रुएन हे व्हिएन्नाचे वास्तुरचनाकार. अमेरिकेतली उपनगरे त्यांना ओसाड वाटली. सगळे आयुष्य मोटारीत, भेटायला चौक नाही. म्हणून 1956 मध्ये मिनियापोलिसजवळच्या एडिना गावात त्यांनी साउथडेल उभारले. छताखाली रस्ता, झाडे, बाके, बारमाही सुखद हवा. भोवती घरे, शाळा, दवाखाना, बाग आणि तळे व्हावे, असा त्यांचा आराखडा होता. आपण त्यातली दुकाने आणि मोटारतळ तेवढे उचललेत, बाकीचा भार घेतला नाहीत. केवढा हा संयम! ग्रुएन यांनी मात्र 1978 मध्ये या अपत्यांचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. बापाने टाकलेल्या लेकराला रायपूरने पदरात घेतले, याचा अभिमान वाटू द्यावा.

आपले थोरले बंधू क्रॉसरोड्स 1999 मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ अवतरले. त्यांनी सुरुवातीला दारातच विचारले: मोबाइल आहे? क्रेडिट कार्ड आहे? नसेल तर 60 रुपये मोजा. आपण असे काही विचारत नाही, हे आपले मोठे मन. विचारावे लागतच नाही. चकचकीत फरशी आणि दारावरचा गणवेश पाहून डोक्यावर टोपली घेतलेली बाई आपणहून बाहेरच थांबते.

आपण आम्हाला चालायची गोडी लावलीत, तीही फक्त आत. आपल्यापर्यंत पायी यायचे म्हणजे जी. ई. रोडवरच्या गाड्यांमधून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा. पूर्वी धमतरीहून येणारी छोटी रेल तेलीबांध्याला थांबायची. माणसे उतरायची आणि चालू लागायची. 2017 मध्ये ती बंद झाली, तिच्या वाटेवर एक्स्प्रेस-वे आला. हे पाप आपल्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण गाडीवाल्यांच्या या नव्या शहरात आपण किती चपखल बसलात, त्याचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही.

आपल्याकडे चित्रपट पाहायला आणलेला घरचा डबा दारात अडवला जातो. शिस्त हवीच. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता आहे, तिथले नियम मालक ठरवू शकतो, असे सांगितले. पिण्याचे पाणी मोफत द्या आणि बाळासाठी आणलेले खाणे अडवू नका, हेही त्याच निकालात आहे. पहिला भाग आपल्या घराण्याला कसा तोंडपाठ आहे! दुसऱ्यासाठी आमच्यासारख्या अडाण्यांना पाण्याचा नळ कुठे आहे, ते शोधावे लागते.

साहेब, आता नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून सांगतो. जागा खासगी असण्याबद्दल आमची तक्रार नाही. गोलबाजारातली दुकानेही खासगीच. पण तिथे लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या कुटुंबातली आजी दुकानाच्या पायरीवर तासभर टेकते आणि तिला कोणी हटकत नाही. आपण स्वतःला साऱ्या शहराची भेटण्याची जागा म्हणून मिरवता, सणाला भलेमोठे देखावे मांडता, आणि बसायला खुर्ची हवी असेल तर आधी कॉफी घ्यावी लागते. ज्याच्या खिशात कॉफीचे पैसे नाहीत, तो या शहराचा नाही का? आपल्या शेजारच्या तेलीबांधा तलावाच्या काठी, जिथे 2016 मध्ये 82 मीटर उंच खांबावर तिरंगा चढला, तिथे संध्याकाळी साहेब, शिपाई, शेंगदाणेवाला एकाच कठड्यावर बसतात. तळ्याला कोणी गिऱ्हाईक लागत नाही.

तेव्हा थोडके मागतो. आत शिरल्याबरोबर चार लाकडी बाके ठेवावीत, दुकानाकडे पाठ करून. पाण्याचा नळ तळमजल्यावर, दिसेल असा असावा. आणि जी. ई. रोडवरून पायी येणाऱ्यासाठी सरळ, सावलीची वाट असावी, मोटारींच्या रांगेतून काढलेली नको. एवढ्याने आपला धंदा बुडणार नाही. ग्रुएनसाहेबांनी साउथडेलच्या चौकात बाके मांडली होती, आणि साउथडेल आजही चालू आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला कृपाभिलाषी,
तात्यापाऱ्यातील एक पायी येणारा