दर महिन्याला नवी स्थिरता

सुरतच्या उधन्यातल्या आमच्या खानदेशी माणसाला सल्ला द्यायला विषय लागतोच असं नाही. पूर्वी जळगावकडची कोणती गाडी धरावी आणि कोणत्या शेठकडे पगार वेळेवर होतो, एवढ्यावर भागायचं. आता पोरं घरीच असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर साड्यांच्या एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करतात. रात्री अडीचला हजारो टाक्यांचं डिझाइन निळ्या स्क्रीनमध्ये गडप झालं, की सकाळी चहाच्या टपरीवर पंचायत बसते: मदरबोर्डात बायोस कोणतं टाकावं?

पंचायतीत दोन पक्ष आहेत. एका पक्षाचं घोषवाक्य, "चालू शे ना? मंग हात लावू नको." दुसरा पक्ष ताज्या आवृत्तीचा. होळीच्या गर्दीत उधना स्टेशनावर गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकणारे जसे, तशी ही मंडळी. फाइल आली रे आली की पेनड्राइव्ह घेऊन तयार. त्यावर 'बीटा' लिहिलेलं असलं तर आनंद दुप्पट. कंपनीची तपासणी आपण फुकटात करून देतोय, हा मान काही लहान नाही.

आणि कंपन्या तरी काय लिहितात? नव्या आवृत्तीखाली बदलांची यादी म्हणून बहुतेक वेळा एकच ओळ: सिस्टिमची स्थिरता वाढवली. मागच्या वेळीही वाढवली होती, त्याच्या मागच्या वेळीही. मग विकला तेव्हा हा बोर्ड काय टेबलावरून चालत निघाला होता?

'हात लावू नको' पक्षाला २०२४ मध्ये इंटेलने तोंडघशी पाडलं. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे तगडे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यापायी आतून झिजत होते. त्यावर उतारा म्हणून ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड आला, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी, मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ. सगळे नव्या बायोसच्या पोटातून. झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, म्हणून कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांनी हात लावला नाही, त्यांनी आपला प्रोसेसर पूर्ण निष्ठेने शिजवला.

ताज्या पक्षाने लगेच पेढे वाटायला नकोत. २०१९ मध्ये रायझन ३००० मालिकेला जागा हवी होती आणि बऱ्याच जुन्या एएम४ बोर्डांवरची बायोसची चिप होती अवघ्या १६ एमबीची. मग काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून आधीच्या काही प्रोसेसरांना बाहेरचा रस्ता दाखवला गेला. यादी न वाचता अपडेट मारणाऱ्याचा प्रोसेसर स्वतःच्याच बोर्डात परका झाला.

म्हणजे वाचावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. आपल्या दुखण्याचं किंवा सुरक्षेतल्या भोकाचं नाव यादीत असेल तर टाकावं. नसेल तर चार आठवडे थांबून दुसऱ्यांची घरं जळतात का ते बघावं. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात रिव्हिजन नंबर छापलेला असतो. नाव तेच असलं तरी रिव्हिजन वेगळी असली की फाइलही वेगळी असू शकते. तो नंबर टॉर्च मारून बघणारा माणूस अजून टपरीवर यायचा आहे.

मात्र एका आरोपीला कुणीच पकडत नाही. ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम घ्यायची आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी हे जादा वेगाचं सेटिंग चालू करायचं, कारण तसं न केल्यास ती बहुधा ४८०० वर चालते आणि मित्रांत नाक कापलं जातं. हा जादा वेग सगळ्याच प्रोसेसर-बोर्डांच्या जोड्यांना पेलतो असं नाही. नाही पेलला की डिझाइन गडप.

मग नवं बायोस येतं. यूपीएस लावून, घरातला मिक्सर बंद करून अपडेट होतं. पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. रॅमची जुळवाजुळव चाललेली असते. "गेलं रे!" म्हणत आप्पा बटणाकडे धावतात आणि पोरगं त्यांचा हात धरून ठेवतं. शेवटी मशीन उठतं, आणि काय आश्चर्य, रात्रभर एकदाही अडकत नाही! नव्या आवृत्तीचा जयजयकार होतो. अपडेट करताना जुन्या सेटिंग्ज पुसल्या गेल्या, त्यात एक्सएमपीही बंद पडलं आणि रॅम मुकाट्याने ४८०० वर आली, हे कुणी उघडून बघत नाही.

बघतं ते दोन दिवसांनी. पोरगं चिडून वेग परत चढवतं, निळी स्क्रीन परत येते, आणि टपरीवर निकाल लागतो: "ही आवृत्ती बेकार भो, आधीचीच बरी होती."