हर्रास तुमचा, रणजी कोणाची?

देऊळगाव राजा, जि. बुलढाणा
डिसेंबर 2025

प्रति,
पदाधिकारी, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ,
मुंबई

विषय: रणजी करंडकाची पाडलेली किंमत

महोदय,

ज्या मैदानावर क्रिकेटपटू घडतो, त्याच मैदानाचा भाव तुम्ही पाडलात. हा माझा आरोप आहे आणि तो चारचौघांत करायचा आहे, म्हणून हे खुलं पत्र. आमचं गाव विदर्भाच्या पश्चिम टोकाला, जालन्याच्या सीमेवर. नागपूर गाठायला अख्खा विदर्भ ओलांडावा लागतो. तरी विदर्भाचा रणजी सामना असला की इथे मोबाइलवर धावफलक उघडून बसणारे आहेत. त्यातलाच मी एक.

मैदानावरचा मोसम चालू असतानाच तुमचा मोसम सुरू होतो. 24 नोव्हेंबर 2024 ची जेद्दाहची संध्याकाळ आठवा. श्रेयस अय्यरवर 26 कोटी 75 लाखांची बोली थांबली आणि आयपीएलच्या इतिहासातला सगळ्यात महाग खेळाडू म्हणून जयघोष झाला. तो विरायच्या आत ऋषभ पंतचं नाव आलं. लखनौची बोली 20 कोटी 75 लाखांवर गेली. दिल्लीने त्याला परत घेण्याचा हक्क पुढे केला, तसा लखनौने एका दमात आकडा 27 कोटींवर नेला. दोन दिवसांत 182 खेळाडूंवर 639 कोटींहून जास्त रक्कम उधळली गेली. पुढच्या मोसमात पंतच्या धावा झाल्या 269. त्यातल्या 118 तर एकट्या शेवटच्या सामन्यातल्या. कोलकात्याने 23 कोटी 75 लाखांना घेतलेल्या वेंकटेश अय्यरने 142 धावा केल्या आणि वर्षभरात त्याला सोडून दिलं. यात या खेळाडूंचा दोष नाही. त्यांनी कोणाच्या खिशात हात घातला नव्हता. दोष भाव ठरवण्याच्या तुमच्या रीतीचा आहे.

आमच्या भागात लिलावाला हर्रास म्हणतात. बाजार समितीत सोयाबीनचा हर्रास होतो, तेव्हा व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढतो, दाताखाली धरतो, यंत्रावर ओलावा बघतो आणि मगच तोंड उघडतो. तुमचा जेद्दाहचा थाट चालू होता त्याच दिवसांत सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. माल समोर, पारखून घेतलेला, तरी भाव कमी. तुमच्याकडे मात्र रणजीत वर्षानुवर्षं पारखला गेलेला माल कोपऱ्यात पडून राहतो.

तो माल कसा असतो, ते सांगतो. 26 फेब्रुवारी 2025, नागपूरजवळचं जामठ्याचं मैदान, रणजीची अंतिम लढत. केरळच्या गोलंदाजांनी विदर्भाचे तीन गडी 24 धावांत बाद केले होते. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी 215 धावांची भागीदारी केली. मालेवारने 153 केल्या. पाच दिवस झुंज चालली आणि पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. त्याच मोसमात डावखुऱ्या हर्ष दुबेने 69 बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात आजवर कोणी इतके घेतले नव्हते. यश राठोडने 960 धावा केल्या, त्या मोसमात सर्वांत जास्त.

आता हिशेब मांडतो. 20 पर्यंत सामने खेळलेल्या रणजीपटूला तुम्ही दिवसाला 40 हजार रुपये देता. साखळीचे सात सामने चार-चार दिवसांचे, बाद फेरीचे तीन पाच-पाच दिवसांचे. अंतिम फेरी गाठली तर 43 दिवसांचे होतात 17 लाख 20 हजार. आयपीएलमध्ये एका सामन्याचं मानधन आहे साडेसात लाख, म्हणजे तीन संध्याकाळी मिळून साडेबावीस लाख. पंतचे 27 कोटी कमवायला त्या रणजीपटूला 157 मोसम दरवेळी अंतिम फेरीपर्यंत खेळावं लागेल. रणजी जिंकणाऱ्या अख्ख्या संघाला बक्षीस 5 कोटी, आयपीएल जिंकणाऱ्याला 20 कोटी. आणि 69 बळींचा विक्रम करणारा हर्ष दुबे आयपीएलमध्ये आला तो मे महिन्यात, मोसम संपत आला असताना, दुसऱ्याच्या जागी बदली खेळाडू म्हणून, 30 लाखांत.

यंदा 16 डिसेंबरला अबुधाबीत तेच घडलं. राष्ट्रीय संघाची टोपी न घातलेल्या दोन तरुणांवर चेन्नईने प्रत्येकी 14 कोटी 20 लाख लावले. पोरं गुणी आहेत, त्यांचं भलं होवो. पण ज्याने रणजीच्या अंतिम सामन्यात 153 केल्या आणि दुलीप करंडकात द्विशतक ठोकलं, तो मालेवार त्याच हर्रासात 30 लाखांच्या मूळ किमतीला गेला. हा फरक कशाच्या जोरावर पडला? चार दिवस उन्हात टिकण्याला तुमच्या बाजारात वजनच नाही. या लिलावाच्या वेळी पुण्यात तुमच्याच मुश्ताक अली करंडक स्पर्धेचे शेवटचे सामने चालू होते. जेद्दाहच्या वेळीही ही स्पर्धा आदल्याच दिवशी सुरू झाली होती. स्वतःच्या स्पर्धेकडे लोकांनी पाठ फिरवावी, अशी सोय तुम्ही स्वतःच केलीत.

तुमची ही मापं सरकारी कचेऱ्यांतही पोचली आहेत. 2024 ची टी-ट्वेंटी विश्वचषक स्पर्धा जिंकली तेव्हा तुम्ही संघाला 125 कोटी जाहीर केले. त्यावर राज्य सरकारने विधान भवनात सत्कार करून आणखी 11 कोटी घोषित केले. महिना उलटायच्या आत कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलं. त्याला सुरुवातीला जाहीर झाला 1 कोटी. आमच्या जिल्ह्याचा तिरंदाज प्रथमेश जावकर याने 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषकात जगातल्या अव्वल तिरंदाजाला 149-148 असं हरवलं आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवलं. त्या वर्षीच्या अर्जुन पुरस्काराच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. मान कुठे द्यायचा हे टीव्हीवरची गर्दी बघून ठरायला लागलं, की अशांच्या वाट्याला काय येतं ते आम्ही बघतोय.

तुमच्याकडे पैसे नाहीत, असं कोणी म्हणणार नाही. 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटींना गेले आहेत. इच्छा असली की तुम्ही करून दाखवता, हेही मी मानतो. ऑक्टोबर 2022 मध्ये तुम्ही आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी स्त्री आणि पुरुष खेळाडूंचं मानधन सारखं केलंत. एका निर्णयात वर्षानुवर्षांचा अन्याय कमी झाला, त्याबद्दल मनापासून आभार. रणजीसाठी असाच निर्णय घ्यायला तुमचा हात का अडतो?

माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, रणजीचं रोजचं मानधन दुप्पट करा आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा दरवर्षी रणजीपटूंना द्या. दुसरी, देशी स्पर्धा चालू असताना लिलाव घेऊ नका. तिसरी मागणी तुमच्याच नियमातून निघते. परदेशी खेळाडूच्या बोलीतली 18 कोटींच्या वरची रक्कम खेळाडूंच्या कल्याणासाठी तुमच्याकडे जमा होते. यंदा कॅमेरॉन ग्रीनची बोली 25 कोटी 20 लाखांवर गेली, म्हणजे एकट्या त्याच्यापोटी 7 कोटी 20 लाख. त्यातून तालुक्याच्या गावांत खेळपट्ट्या बांधा आणि पै-पैचा हिशेब जाहीर करा. इथली पोरं टेनिस बॉलवर वाढतात. लेदर बॉल त्यांच्या हातात येतो तोवर निवड चाचणीचं वय निघून जातं. उद्याचा हर्ष दुबे त्यांच्यातही असेल, पण चेंडू वळवायला आधी खेळपट्टी तर हवी!

आयपीएल बंद करा, असं मी म्हणत नाही. तीही मी आवडीने बघतो. पण जे क्रिकेट तुम्हाला खेळाडू पुरवतं, त्याला उपाशी ठेवून तुमचा बाजार फार दिवस चालणार नाही. पुढचा लिलाव भरवण्याआधी या तीन मागण्यांचं उत्तर द्या, तेही जाहीरपणे.

आपला,
विदर्भाचा एक पाठीराखा