रागाची उलटतपासणी

राग आला की त्याला लगेच प्रश्न विचारायला जाऊ नये. तो वकील लावतो. आपल्याच डोक्यातला, बिनफीचा आणि एकही तारीख न चुकवणारा.

चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. निमंत्रकांत झाडून सगळे काका-काकू. खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी, अजून बोलायलाही न लागलेली पिल्लावळ. मी मात्र कुठेच नाही.

"राग आलाय का?" बायकोने विचारलं.

"राग? छे! 'आशीर्वाद'मधली शी ऱ्हस्व छापलीय. मराठीचं काय होणार, याची काळजी वाटते."

माझा राग हा असा शुद्धलेखनाच्या नावावर बाहेर पडतो. कधी तत्त्वाच्या, तर कधी ॲसिडिटीच्या.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास यावर एक उपचारपद्धती मांडली. तिचं सार असं, की नुसत्या घटनेने आपण पेटत नाही. घटनेबद्दल मनात जो हट्ट धरून बसतो, त्याने पेटतो. म्हणून त्या हट्टालाच पुरावा मागायचा. गडी स्वतः विलक्षण लाजाळू. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या बायकांशी ठरवून बोलत सुटला. शंभरेक जणींशी बोलला. एकच भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. मानपानाचा उतारा मिळेल असं उद्यान अजून कुणी काढलेलं नाही.

तरी मी कागद घेतला. घटना : नाव नाही. हट्ट : नाव असायलाच हवं. पुरावा? इथे पेन अडलं. मागे एका पत्रिकेत नाव होतं, तर भर मे महिन्यात कोट घालून मांडवाच्या दारात उभा होतो आणि ओळख नसलेल्या माणसांना "जेवल्याशिवाय जायचं नाही हं" म्हणत होतो. तेव्हा मनातल्या मनात ज्याने नाव घातलं त्याचा उद्धार चालला होता. म्हणजे मला निमंत्रक व्हायचं नव्हतंच, विचारलं जायचं होतं, आणि मग "कशाला उगाच माझं नाव!" म्हणायचं होतं.

एवढा छडा लागल्यावर रागाने निघून जायला हरकत नव्हती. तो कागद वाचून हो म्हणाला आणि तिथेच बसला.

"पाकिटात किती घालू?" बायकोने विचारलं.

"पाचशे एक," राग म्हणाला. तिने एक हजार एक घातले. पाकिटावर नाव मात्र मी स्वतः लिहिलं, स्केचपेनने.