पाठपुराव्यास यश

भाऊ काय करतात, असं आमच्या भागात कोणी विचारत नाही. नवा भाडेकरू असेल तर विचारतो आणि त्याला उत्तर मिळतं, 'भाऊ समाजकारणात आहेत.' फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ते मेहुणा बघतो. दोन गाळे भाड्याने दिलेत, त्यांचं भाडं वहिनी बघतात. भाऊ प्रभाग बघतात. पुणे महापालिकेवर त्यांना अजून कोणी निवडून दिलेलं नाही, पण ही बाब ते किरकोळ समजतात. मनाने ते नगरसेवक कधीच झालेत. राहिलंय ते फक्त मतदान.

भाऊंना नीट बघायचं असेल तर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर बघावं. पांढरा लिननचा शर्ट, काळा गॉगल, एक पाय पुढे, मोबाइल कानाला आणि नजर लांब कात्रजच्या घाटाकडे. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. त्यातला एखादा चेहरा आधार कार्डावरून कापून घेतलेला असतो, तो लगेच ओळखू येतो. शुभेच्छा देताना इतकं घाबरलेलं माणूस दुसरं नसतं. शुभेच्छा देतो 'समस्त मित्र परिवार', बिल देतात भाऊ.

अडचण असते ती वरच्या पट्टीची. तिथे नेत्यांचे चेहरे लागतात. 2022 च्या जूनमध्ये एक पक्ष फुटला, 2023 च्या जुलैत दुसरा. फ्लेक्सवाल्याने फाईल कोरलमध्ये उघडी ठेवली आणि रोज फोन करून विचारू लागला, 'भाऊ, वर कोण टाकू?' भाऊंनी दोन दिवस विचार केला आणि त्या वर्षी पट्टीत फक्त शिवाजी महाराज, फुले, शाहू आणि आंबेडकर घेतले. ही मंडळी कुठल्याच गटात गेलेली नव्हती.

विनापरवाना फ्लेक्सला मुंबई उच्च न्यायालयाचीही मनाई आहे आणि 1995 चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदाही आहे, हे भाऊंना पक्कं ठाऊक आहे. म्हणून फ्लेक्स शुक्रवारी रात्री लागतो. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी पालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची गाडी येऊन तो उतरवते, तेव्हा भाऊ चहाच्या टपरीवर उभे राहून समाधानाने म्हणतात, 'दखल घ्यावी लागली शेवटी.'

आता काम. भाऊ काम करत नाहीत असं कोणी म्हणू नये. तळमजल्यावरचे काका सकाळी धापा टाकत येतात.

'भाऊ, चेंबर तुंबलंय. पाणी जिन्याला लागलंय.'

'काका, तुम्ही फक्त सांगायचं. थांबा, तुमच्यासमोर लावतो.' भाऊ फोन स्पीकरवर टाकतात. पलीकडे क्षेत्रीय कार्यालय.

'मी बोलतोय.'

'कोण?'

'अहो, मी.'

'मी कोण?'

इथे भाऊ स्पीकर बंद करतात.

दुपारी जेटिंगची गाडी येते. ती या फोनमुळे येते की काकांच्या सुनेने सकाळी सातलाच केलेल्या ऑनलाइन तक्रारीमुळे, यात कोणी शिरत नाही. एवढं खरं की गाडीच्या आधी भाऊ तिथे हजर असतात. झाकण उचललं की सगळे नाकाला रुमाल लावून मागे सरकतात आणि भाऊ पुढे होतात, कारण फोटोत झाकण आणि चेहरा दोन्ही यायला हवेत. संध्याकाळी ग्रुपवर मजकूर पडतो : 'भाऊंच्या पाठपुराव्यास यश!' पहिला अंगठा भाऊंच्या पुतण्याचा. खाली काकांचा प्रश्न : 'पाणी परत चढतंय, काय करू?' त्यावर अंगठा नाही.

भाऊंचं वर्ष ठरलेलं. जूनमध्ये दहावी-बारावीचा गुणगौरव. ट्रॉफीवर भाऊंचा फोटो, मुलीचं नाव स्टिकरने नंतर चिकटवलेलं. भाद्रपदात दर मंडळात आरती. दिवाळीत घरोघरी उटण्याची पुडी, तिच्यावरही भाऊ. त्यामुळे नरक चतुर्दशीला पहाटे उभा प्रभाग त्यांना मधोमध फाडून आंघोळीला जातो. पण त्यांचा खरा सूर लागतो तो दशक्रियेला. घाटावर पहिल्या रांगेत बसायचं, नाव पुकारलं की माइक घ्यायचा. मयत माणूस बदलतो, भाषण बदलत नाही. 'तात्यांचं माझ्यावर विशेष प्रेम. गेल्याच आठवड्यात म्हणाले, भाऊ, या वेळी तुम्हीच.' दिवंगतांचा इतका भक्कम पाठिंबा शहरात दुसऱ्या कोणा इच्छुकाला नसेल. पंचाईत एवढीच की मतदार यादीतून त्यांचीच नावं आधी कमी होतात.

भाऊंचा सुवर्णकाळ मात्र मार्च 2022 मध्ये सुरू झाला. महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना यांची प्रकरणं कोर्टात अडकून निवडणूक पावणेचार वर्षांहून जास्त लांबली. एवढ्या मोठ्या पुण्यात एकही नगरसेवक उरला नाही. उरले ते माजी आणि भावी. व्यासपीठावर दोघांनाही सारखीच खुर्ची, सारखाच नारळ, सारखीच शाल. भाऊंना आयुष्यात प्रथमच समता म्हणजे काय ते कळलं. सोसायटीतले आजोबा यावर हसायचे. त्यांच्या दारावर 'निवृत्त कार्यकारी अभियंता' अशी पितळी पाटी आहे आणि ती दर दसऱ्याला ब्रासो लावून घासली जाते. भाऊ निदान पुढे होणारं तरी सांगत होते.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि भाऊंचे वाईट दिवस आले. 165 जागांपैकी 83 महिलांना. नोव्हेंबरच्या सोडतीत आमच्या प्रभागातल्या ज्या जागेवर भाऊंचा डोळा होता, नेमकी तीच महिला राखीव निघाली. सर्वसाधारण जागेवर एका माजींचं नाव आधीच पक्कं होतं. भाऊ खचले नाहीत. दुसऱ्या दिवशी चौकात नवा फ्लेक्स लागला. त्यावर वहिनी. नावाआधी सौ., नावापुढे कंसात ताई, आणि मागे हात जोडून उभे असलेले, किंचित धूसर भाऊ. वहिनींना आपल्या उमेदवारीची बातमी भाजी आणायला चौकात गेल्यावर कळली. घरी येऊन त्या एवढंच म्हणाल्या, 'फोटो तरी विचारून लावायचा. ती साडी जावेची आहे.'

मग गाठीभेटी सुरू झाल्या आणि गोष्ट उलटी फिरली. बेल वाजली की दार उघडणारी बाई म्हणायची, 'अगं बाई, तुम्ही होय! या ना आत.' मग मागे नजर जायची. 'आणि हे?' 'आमचे हे,' वहिनी सांगायच्या. इतक्या वर्षांचे फ्लेक्स, उटणं, ट्रॉफ्या, सगळं त्या दोन शब्दांत मावलं. भिशी, हळदीकुंकू, अडल्या बाळंतिणीला रात्री रिक्षा बघून देणं, हे सगळं वहिनी समाजकारण न म्हणता करत आल्या होत्या. चेंबरचं म्हणाल तर त्यांनी फोनच लावला नाही. मुकादमाची बायको त्यांच्या भिशीत आहे. संध्याकाळच्या आत ते मोकळं झालं आणि परत तुंबलं नाही. फोटो काढायचा राहूनच गेला.

डिसेंबरच्या शेवटी एबी फॉर्म वाटले गेले. आमच्या जागेचा फॉर्म आदल्या दिवशी पक्षात आलेल्या बाईंना मिळाला. भाऊ रात्रभर जागे होते. सकाळी म्हणाले, 'स्वीकृतचा शब्द मिळालाय.' वहिनी शांत झोपल्या होत्या. उठून चहा टाकता टाकता त्यांनी विचारलं, 'पुढची निवडणूक कधी असते हो?' भाऊंनी इतकी वर्षं ज्या प्रश्नावर काढली, तो त्यांना दुसऱ्या कोणी कधी विचारला नव्हता. त्यांना उत्तर सुचलं नाही.

15 जानेवारी 2026 ला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागले. प्रभागाला चार नगरसेवक मिळाले असून त्यांचे नंबर सोसायटीच्या फलकावर लावले आहेत. चेंबर तुंबलं तर रीतसर आधी त्यांना फोन करा. उचलला नाही तर वहिनींना करा. भाऊंना वेगळं कळवायची गरज नाही. फोटोला ते येतातच.