मोरीला बढती

नंदुरबारच्या जुन्या गल्ल्यांतल्या धाब्याच्या घरांत सध्या मोरीला बढती मिळते आहे. दगडी फरशी जाते, मोरबीची टाइल येते, कमोड बसतो आणि डोक्यावर परातीएवढा शॉवर. भिंतीतला अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप मात्र तसाच. ‘चालू आहे ना, कशाला फोडता?’ जस्ताचा मुलामा कधीच झिजला. आत गंजाचे थर चढून जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट उरली. शहराला पाणी पुरवणारं विरचक धरण काठोकाठ भरलं तरी शॉवरमधून तांबूस चार थेंब. मिस्तरीकडे इलाज तयार : ‘भाऊ, प्रेशर पंप बसवून टाका.’ पंपाने जोर लावला की पाइप फुटतो आणि पहिली उखडते ती मोरबीची टाइल. बाथरूम मग पाहुण्यांना दाखवायचं. आंघोळ मागच्या अंगणात, बादली-तांब्याने.